उकिरड्यावरून उचललेला ब्रश

दाढीचा ब्रश दुरुस्त करायचा की टाकून द्यायचा, हे ठरवण्याची आमच्या दुकानात एक साधी रीत होती. ब्रश रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवायचा, सकाळी झटकायचा आणि त्याचा एक केस चिमटीत धरून ओढायचा. केस मुळापासून अख्खा निघाला तर ब्रश वाचतो. बुडाची राळ सुटलेली असते, एवढंच. केस मधूनच तुटला तर तो कुजलेला. असा ब्रश दादा गिऱ्हाइकाच्या हातात परत ठेवत आणि म्हणत, "ह्याला आता रजा द्या." मग गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली तरी दादांचे हात दुसऱ्या कामाला लागलेले असत.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. गेल्या थंडीत ते गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मी दोन ओळींत थांबतो. ब्रशांविषयी लिहिलं तर मधूनमधून ते येत राहतील, असं वाटलं म्हणून हे लिहितो आहे.

दुकान सांगलीत, बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. पुढच्या खोलीत गल्ला आणि मी, मागच्या खोलीत दादा आणि त्यांचं काम. मी बी.ए. झालो होतो. गल्ल्याखाली कायम एखादं पुस्तक उघडं असे, म्हणून दादा मला मास्तर म्हणत. हे कौतुकानं म्हणत की टोमण्यानं, ते त्या दिवशीच्या त्यांच्या पाठदुखीवर अवलंबून असे. आम्ही चुना मारायचे ब्रश करत असू, रंगाऱ्यांचे करत असू, बाटल्या धुण्याचे करत असू. पण दादांचा खरा जीव दाढीच्या ब्रशात. तेवढाच एक ब्रश माणूस रोज तोंडाला लावतो, असं त्यांचं म्हणणं.

या ब्रशाचे केस डुकराचे असतात. हे वाक्य कागदावर मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. दुकानात बसत होतो तोवर ते कधी तोंडानंही बोललो नव्हतो. कानपूरकडून केसांच्या जुड्या येत. त्या सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या, विंचरायच्या. डुकराच्या केसाचं टोक निसर्गानंच उललेलं असतं. त्या फटीत पाणी धरतं आणि फेस होतो. म्हणून टोकाला कात्री लावायची नाही. टोकं खाली करून केस एका वाटीत ठोकून बसवायचे, बुडाशी दोऱ्यानं आवळायचे, वितळलेल्या राळेत बुडवायचे आणि दांड्याच्या खोबणीत बसवायचे. काम सुबक आहे. पण उकळताना जो वास सुटतो तो कपड्यांत बसतो, आणि बसमध्ये शेजारचा माणूस खिडकीकडे तोंड फिरवतो.

दुकानात या केसांना आम्ही 'बाल' म्हणत असू. बाल चांगला आहे, बाल जरा कडक आहे. कुणाचा, ते गिऱ्हाईक विचारत नसे आणि आम्ही सांगत नसू. आमची निम्मी गिऱ्हाइकं जैन होती. आसपासच्या गावांतले शेतकरी, पेठेतले हळदीचे व्यापारी. त्यांना कळत नसेल असं नाही. पण न विचारण्यानं दोन्हीकडची सोय होत होती. माझं लग्न ठरताना मामांनी मुलीकडच्यांना 'लाकडी वस्तूंचं दुकान' असं सांगितलं. दांडे लाकडी असत, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. दादांनी घरी येऊन मला विचारलं, "मास्तर, आपन दांडं इकतो व्हय? मग बाल काय वर फुकट देतो?"

त्यांना स्वतःला कसलीच लाज नव्हती. महिन्यातून एकदा मी पिशवी घेऊन साताऱ्याला जात असे. तिथे फौजेतून आलेले पेन्शनर पुष्कळ, आणि फौजी माणूस ब्रश सहजी टाकत नाही. एकदा दादा बरोबर आले होते. एक म्हातारे हवालदार इटलीच्या लढाईतून आणलेला ब्रश घेऊन आले. निम्मे केस गळालेले, उरलेले वाकडे. दादांनी एक ओढून पाहिला, तर तो मधूनच तुटला. दादा म्हणाले, "रजा द्या ह्याला, हवालदारसायेब." हवालदार ताठ झाले. "रजा? आरं गड्या, जखमी हाय त्यो, मेल्याला न्हाई!" दादा हसले नाहीत. "मेलाय," म्हणाले, "डुकराचा बाल हाय, त्यो काय पुन्ना उगवतोय?" चार माणसांत, भर चौकात. मी पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधत राहिलो.

जे सांगायचं आहे ते सांगलीतलं. मोठा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली असतील. कृष्णाकाठच्या एका गावातला भूपाल नावाचा तरुण शेतकरी दुकानात आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ब्रश त्यानं माझ्यापुढे ठेवला. दांडा शिसवी, चांगल्या कारागिराचा, पण उभा तडकलेला. केसांत राख आणि शेण वाळून त्यांचा गोळा झालेला.

"हा काय उकिरड्यातून काढला?" मी सहज म्हणालो.

"उकिरड्यातनंच काढलाय," भूपाल म्हणाला. "आमच्या आईनं."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्याचे वडील, आप्पा, पुढच्या महिन्यात मुनिदीक्षा घेणार होते. दिगंबर मुनी अंगावर वस्त्रसुद्धा ठेवत नाहीत. आप्पांनी शेत मुलांच्या नावे केलं होतं, घड्याळ, छत्री, चपला वाटून टाकल्या होत्या. दीक्षेच्या वेळी डोक्याचे आणि दाढीचे केस हातानं उपटायचे असतात, म्हणून त्यांनी दाढी करणं थांबवलं होतं. ब्रश त्यांनी एका सकाळी उकिरड्यावर भिरकावला. दुपारी त्यांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, तो शोधून आणला.

"आप्पा म्हनत्यात टाका. आई म्हनती नीट करून आना. मी मधी घावलोय," भूपाल म्हणाला. "दीक्षेला घरच्यांची परवानगी लागती. भर मांडवात म्हाराज आईला इचारनार. ती न्हाई म्हनली तर आप्पांची दीक्षा हुनार न्हाई. आनि ती म्हनती, ब्रश नीट झाल्याबिगर मी मांडवात तोंड उघडनार न्हाई."

"मग?"

"मग तुमीच बघा. तुमी म्हनला टाकायच्या लायकीचा हाय, तर आई ऐकंल. दुकानदाराचं ऐकंल ती. आमचं ऐकत न्हाई."

मी दादांकडे पाहिलं. ते दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी ब्रश उचलला, उलटासुलटा केला आणि कोमट पाण्यात टाकला. "उद्या ये," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांच्या शेजारी उभा होतो. केस तुटावा, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणजे प्रश्न मिटला असता आणि तो कुणीच सोडवल्यासारखा झाला नसता. दादांनी केस ओढला. तो मुळापासून अख्खा निघाला. दुसरा ओढला, तोही तसाच.

"वाचतोय," दादा म्हणाले, आणि राळेचं भांडं स्टोव्हवर ठेवलं.

एवढ्यात दुकानाच्या पायरीशी भूपाल दिसला. त्याच्या मागे ते दोघंही होते. आप्पा उंच, किडकिडीत. पांढरं धोतर, पांढरा पंचा, दाढी बोटभर वाढलेली. त्यांच्या मागे चार हात अंतर ठेवून पद्माक्का, हिरव्या नऊवारीत. आप्पांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं. बायकोचा स्पर्शसुद्धा चालत नव्हता, म्हणून ते अंतर. भूपालच्या चेहऱ्यावर 'माझा इलाज नाही' असं लिहिलेलं होतं.

आप्पा मागच्या खोलीत आले. बसण्याआधी त्यांनी जमीन नीट पाहिली. मुंगी, किडा काही चिरडू नये म्हणून ते लोक पाहतात, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी त्यांची नजर खालून वर यायला फार वेळ लागला. आमच्या जमिनीवर सगळीकडे बाल पडलेले असत. कोपऱ्यांत, पाटाखाली, उंबऱ्याच्या फटीत. मी घाईनं गोणपाट अंथरलं. ते बसले.

"दुरुस्त हुतोय व्हय?" त्यांनी दादांना विचारलं.

"हुतोय. केस चांगला हाय."

आप्पांनी ताटलीतला ओढून काढलेला केस उचलला. थोडा वेळ बोटांत फिरवला. मग स्टोव्हच्या ज्योतीजवळ नेला. केस चुरचुरला, आखडला आणि वास सुटला. तो वास चुलीपाशी बसलेल्या प्रत्येक माणसाला माहीत असतो. सूत जळलं की कागदासारखा वास येतो, वाखाचा धागा जळला की गवतासारखा. हा वास अंगाचा होता.

"कुणाचे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या अगदी समोर होतो, म्हणून त्यांनी ते मला विचारलं. मी तोंड उघडलं. चार अक्षरी शब्द. बी.ए.ला मी भाषाच घेतली होती. तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेना. पद्माक्का दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला वाटलं, माझ्या अंगाला येणारा वास त्यांना तिथवर जात असणार.

"डुकराचे, आप्पा," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

भूपाल पायरीवरून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"मला ठावं हुतं," आप्पा म्हणाले. "भिजला की वास येत हुता. इतकी वर्सं येत हुता. इचारलं न्हाई कधी. इचारलं असतं तर सोडावा लागला असता." त्यांची मान खाली होती. "लय मऊ हुता."

मला त्यांच्याकडे पाहवेना. ज्या माणसाच्या पाया पडायला गावोगावचे लोक येणार होते, तो आमच्या गोणपाटावर बसून हे सांगत होता. आणि त्यांनी कधी विचारलं नाही याच गोष्टीवर तर आमचं दुकान उभं होतं.

"मुनीजवळ मोराची पिच्छी असती," ते म्हणाले. "बसाय-उठायच्या जागंवरचं किडंमुंगी हळू बाजूला साराय. मोर पिसं टाकतोय, ती आमी उचलतोय. ह्या जनावरानं कुठं टाकलंवतं? ... टाकून द्या तो ब्रश."

"टाकायचा न्हाई," दारातून पद्माक्का म्हणाल्या.

"अगं, पाप हाय ते. घरात कशाला?"

"आन् तोंडाला लावत हुतासा तवा? तेच तोंड धुऊन देवळात जात हुतासा, तवा न्हाई पाप? आता माझ्या ट्रंकंत ठेवला की लगीच पाप?"

आप्पांनी हातातला जळका केस परत ताटलीत ठेवला.

"शेत सोडलासा. बोलले का मी? घर सोडलासा. मला सोडलासा, तरी बोलले न्हाई. लगीन झाल्यापास्नं रोज सकाळी गरम पान्याचा तांब्या कोन आनत हुतं? तेवढा येळ तरी तुमी एका जागी बसत हुतासा माझ्याम्होरं. न्हाईतर रानात, न्हाईतर देवळात." त्यांनी पदर तोंडाशी धरला. परक्या पुरुषांपुढे हे बोलावं लागतं याची लाज त्यांच्या आवाजात होती, पण आवाज थांबला नाही. "एक ब्रश मागितला. उकिरड्यावरनं मीच उचलून आनला. तुमचं काय गेलं?"

आप्पा उठून उभे राहिले. जायला निघाले असं वाटलं. पण ते वाकले आणि ब्रशातून खाली पडलेले केस वेचू लागले.

"आप्पा, राहू द्या, मी झाडून घेतो," मी केरसुणी उचलली.

"झाडू नका. मला वेचू द्या. कुठंतर नीट पुरतो." त्यांनी दोन केस उचलले, तिसरा उचलला. मग त्यांचा हात थांबला. पाटाखालीही केस होते. भिंतीशी होते. त्यांच्या धोतराच्या काठाला चिकटलेले होते. "ह्यातलं माझं कुठलं?"

"सांगता येनार न्हाई, आप्पा," दादा म्हणाले. "सगळं सारखंच."

"किती जनावरांचं असंल हे?"

"मोजली न्हाईत कधी."

आप्पा वाकलेलेच राहिले. मी हातात केरसुणी घेऊन उभा. रोज संध्याकाळी ती जमीन मीच झाडत असे. झाडलेलं रस्त्यापलीकडे नेऊन टाकत असे, आणि कुणी पाहू नये म्हणून अंधार पडायची वाट पाहत असे. तेव्हाही लाज वाटायची, पण ती लोकांची. त्या दिवशीची कसली होती, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आप्पा आम्हाला एका शब्दानंही लागेल असं बोलले नव्हते. बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं: धंदा आहे, पोट आहे, तुम्हीच घेता म्हणून आम्ही करतो. ही सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती. ती कुणी मागितलीच नाहीत.

काहीतरी करायला हवं म्हणून मी म्हणालो, "दादा, दांडा शिसवी आहे. जुने केस काढू आणि वाख भरू."

वाख म्हणजे घायपाताचा धागा; चुना मारायचे ब्रश आम्ही त्याचेच करत असू. दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवी दिली होती. "वाखाचा दाढीचा ब्रश? मास्तर, तोंड सोलून निघंल मान्साचं. असला ब्रश माझ्या हातनं व्हायचा न्हाई."

"कुनाचं तोंड?" पद्माक्का म्हणाल्या. "दाढी कोन करनार हाय त्येनं?"

पद्माक्का दोन पावलं आत आल्या. त्यांनी पाटावरचा ब्रश उचलला आणि दांड्यावरून अंगठा फिरवला. शिसवाची एक बाजू रोजच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झाली होती.

"हातात तर ह्यो दांडाच धरत हुते," त्या स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "काढा ती केसं. भरा तुमचा वाख."

आप्पांनी मान हलवली, हो अशी. ते परत गोणपाटावर बसले.

दादांनी जुने केस कोरून काढले आणि एका कागदात बांधून आप्पांच्या पुढे ठेवले. तडकलेला दांडा आवळून चिकटवला, वरून बारीक दोरा गुंडाळला. वाखाचे धागे घेतले, विंचरले, कापले. वाख कापताना त्यांचं तोंड कडू झालेलं मला दिसत होतं. दाढीच्या ब्रशाला त्यांनी आयुष्यात कधी कात्री लावली नव्हती. पण बांधणी त्यांनी एखाद्या नवरदेवाच्या ब्रशासारखी केली. टोकं घुमटासारखी गोल आणली. राळ घट्ट व्हायला वेळ होता. भूपालनं समोरच्या हॉटेलातून चहा आणला. तो फक्त दादांनी आणि मी घेतला.

ब्रश तयार झाला. पिवळट पांढरा, दिसायला देखणा, कामाला निरुपयोगी. दादांनी तो फडक्यानं पुसून पद्माक्कांच्या हातात दिला.

त्यांनी तो तळहातावर घासून पाहिला. उलटा करून पाहिला. चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. आणि मग, नवी वस्तू ज्याची त्याला लावून बघावी तशा, त्या दोन पावलं पुढे झाल्या आणि त्यांनी ब्रश आप्पांच्या गालाकडे नेला.

आप्पा झटकन मागे सरकले.

त्यात राग नव्हता. व्रत होतं, स्पर्श चालत नव्हता, शरीर आपोआप मागे गेलं. पण पद्माक्कांचा हात तसाच हवेत राहिला. त्या विसरल्या होत्या, आणि आता आठवलं होतं. त्यांचा चेहरा, कान, मान लाल झाली. मी भिंतीकडे तोंड केलं. नवरा-बायकोतलं जे कुणी कधी पाहू नये ते मी पाहिलं होतं, आणि माझ्याच धंद्याच्या जागेत पाहिलं होतं.

दादांनी हात पुढे केला. "आना आक्का. जरा कडक झालाय. मऊ करून देतो."

त्या हवेत राहिलेल्या हाताला काहीतरी काम द्यायचं, म्हणून दादा ते म्हणाले. वाख मऊ होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"नको," पद्माक्का म्हणाल्या. त्यांनी हात खाली घेतला, ब्रश पदरात गुंडाळला आणि पदराचं टोक कमरेला खोचलं. मग आप्पांकडे बघून त्या म्हणाल्या, "जावा तुमी. माझी परवानगी हाय. मांडवात इचारतील तवा बी हेच सांगीन. पर तितं लोक असतील. खरं ते हितं सांगितलं."

आप्पा उभे राहिले. केसांचा कागद त्यांनी पंच्याच्या टोकाला बांधला होता. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि बायकोपुढे वाकून नमस्कार केला. आमच्या भागात मी असं कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पद्माक्का मागे सरल्या नाहीत.

"आज तुमी पाया पडा," त्या म्हणाल्या. "म्होरल्या म्हैन्यापास्नं मीच तुमच्या पाया पडनार हाय. सगळ्या गावाबरोबर, रांगंत उभा ऱ्हाऊन."

हे बोलताना त्यांनी आम्हा दोघा भावांकडेही सरळ पाहिलं. दादांनी त्यांना हात जोडले. मला मान वर करता आली नाही.